तीन तासांचं सिंगापूर

धुळ्याच्या बसस्थानकावर मी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. खिडकीमागे बसायचं, माइकवरून गाड्या पुकारायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरच्या कागदांवर वेळ टाकायची आणि दिवसभर येईल त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, गाडी कधी पोचेल. जळगाव अडीच तास. नाशिक चार. मुंबई आठ, तेही कसाऱ्याच्या घाटात अडकली नाही तर. ही उत्तरं मी झोपेतही देत असे असं माझी बायको सांगते, आणि ती उगाच काही सांगणाऱ्यांतली नाही.

स्वभाव पहिल्यापासून तापट. वेळेच्या बाबतीत तर मी कुणाचीच भीड ठेवली नाही. गाडी सुटायची वेळ झाली की शिट्टी. कडेवर पोर घेऊन धावत येणारी बाई दिसली तरी शिट्टी. माझी धाकटी बहीण जळगावच्या कॉलेजात असताना एकदा दोन दिवस माझ्याकडे धुळ्यातल्या देवपूरला राहायला आली होती. परत जायच्या दिवशी स्टँडवर ती उसाचा रस प्यायला गेली आणि दोन मिनिटं उशिरा आली. ती फलाटाकडे पळत येताना मला दिसत होती. मी गाडी सोडली. ती खिडकीशी येऊन धापा टाकत माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही यमाच्या आगारात शोभाल." पुढची गाडी तासाभराने होती. ही गोष्ट ती लग्नाकार्यात सगळ्यांना रंगवून सांगायची. सगळे हसायचे, मीही हसायचो. मला ती माझी तारीफ वाटायची.

आमचं गाव असोदा, जळगावपासून हाकेच्या अंतरावर. घरची केळी, थोडा कापूस. बहीण माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, त्यामुळे मी तिचा भाऊ कमी आणि दुसरा बापच जास्त. तिचं लग्न पुण्यात झालं आणि मुराळी म्हणून जायचा मान माझ्याकडे आला.

आमच्याकडे आखाजीपुढे, म्हणजे अक्षय्य तृतीयेपुढे, दिवाळी फिकी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधतात, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. पण लेक आपणहून येत नाही. माहेरचा माणूस तिला आणायला जातो, तोच मुराळी. तो येणार हे सासरच्यांना कळवायचं, लेकीला नाही. तिने नुसती वाट पाहायची. मुराळ्याने तिथे जेवायचं, तिची पिशवी आपल्या हाताने उचलायची आणि तिला घेऊनच परतायचं. बारा वर्षं मी असा पुण्याला गेलो. एकदा अंगात ताप होता तरी गेलो.

मग पाच वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या जावयाची, बदली सिंगापूरला झाली.

ती असोद्याहून निघाली सोमवारी सकाळी. पोचल्याचा तिचा फोन आला बुधवारी दुपारी. मधे ती पुण्याला थांबली होती, सामान बांधायचं होतं, मुलाच्या शाळेचे दाखले घ्यायचे होते, हे सगळं मला ठाऊक होतं. पण डोक्यातल्या वहीत नोंद एवढीच झाली : सोमवारी सुटली, बुधवारी पोचली. सिंगापूर, दोन दिवस. ती नोंद पुन्हा तपासून पाहावी असं मला कधी वाटलं नाही. इतक्या लांब मुराळी कसला जातो? आखाजी जवळ आली की मी फोनवर म्हणायचो, "जमलं तर ये बाई." ती म्हणायची, "बघते, भाऊ." आणि यायची नाही. मला वाटे, परदेशात गेल्यावर माणसाला माहेर लहान दिसायला लागतं.

आबा, म्हणजे आमचे वडील, गेले त्या वर्षी आखाजी होऊन पंधरा दिवस झाले होते. ऊन मरणाचं. मी नुकताच निवृत्त होऊन आठवडाभरासाठी असोद्याला आलो होतो. आबा संध्याकाळी मळ्यातून आले, पाय धुतले, ओट्यावर टेकले आणि तिथेच कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दिवस मावळत आला होता, म्हणजे जे काही करायचं ते सकाळीच.

सात वाजता मी बहिणीला फोन केला. ती झोपायच्या तयारीत होती.  ऐकून ती एकदम शांतपणे म्हणाली, "भाऊ, मी निघते. सकाळपर्यंत येते. थांबा माझ्यासाठी."

मी म्हणालो, "घाई करू नको. तू दहाव्यापर्यंत पोच."

"नाही भाऊ, मी येते. थांबा."

फोन ठेवला. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मी मनाशी म्हटलं. सिंगापूरहून सकाळपर्यंत? धुळ्याहून संध्याकाळी निघालेला माणूस सकाळपर्यंत धड सोलापूरला पोचत नाही. तिचं हे बोलणं मी त्या रात्री कुणालाही सांगितलं नाही. खरं तेच आहे. सांगितलं नाही.

अंगणात भाऊबंद जमले होते. चुलतभावाने विचारलं की लेकीसाठी थांबायचं का, भुसावळहून बर्फाची पेटी मागवता येईल, तासाभरात येते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. किती वेळ लागेल हा प्रश्न असला की आमच्याकडे सगळे माझ्याकडेच बघतात. मी म्हणालो, "दोन दिवस लागतात तिला. या उन्हात दोन दिवस ठेवायचं का त्यांना?" कुणी वाद घातला नाही. वेळेच्या बाबतीत माझ्याशी वाद घालतं कोण.

आत माय आबांच्या उशाशी बसली होती. मी सकाळी आठची वेळ ठरल्याचं सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "पोरीले येऊ दे रे. तिच्याबिगर नको नेऊ त्याह्यले."

"माय, ती दोन दिवस पोचत नाही."

"तू पक्कं सांगतो?"

"पक्कं."

ती परत आबांच्या चेहऱ्याकडे बघायला लागली. 

सकाळी चोपडा-यावलकडचे पाहुणे यायचे होते, अकरापर्यंत थांबू असं दोघातिघांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. आठला म्हटलं म्हणजे आठला. तरी निघेपर्यंत साडेआठ झाले आणि त्या अर्ध्या तासाचाही मला राग आला होता. फोन घरीच फडताळात ठेवला होता. अग्नी दिला तेव्हा माझ्या मनगटावर घड्याळ नव्हतं, तर मी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मनगटाकडे पाहिलं. नऊ दहा. बापाच्या चितेसमोरसुद्धा मला वेळ बघावीशी वाटली.

घरी येऊन आंघोळी झाल्या. फोन पाहिला तर बहिणीचे सात मिस्ड कॉल. रडायला केले असतील असं वाटलं, जरा निवांत झालं की लावू. अंगण शेणाने सारवून झालं होतं, माणसं सावलीला पांगून बसली होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी थांबली आणि माझी बहीण उतरली.

तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

  मी ओट्याचा खांब धरला. ती सरळ अंगणात आली, सारवलेल्या ओल्या जमिनीकडे तिने पाहिलं, माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं, आणि तिला कळलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "थांबला नाहीत?"

त्या क्षणी मी तिच्या पाया पडायला हवं होतं. मी काय केलं? मी रागावलो. माझं डोकं एकच गोष्ट धरून बसलं होतं, की हे अशक्य आहे. सिंगापूरहून माणूस एवढ्यात पोचूच शकत नाही. म्हणजे ती आधीच इकडे कुठेतरी होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "तू पुण्याला होतीस ना? आलेली होतीस तर काल फोनवर सांगायला काय झालं होतं?"

मी कुणी अनोळखी माणूस असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. मग फोन काढून त्यावरचं तिकीट माझ्यापुढे धरलं.  मी वाचलं. सिंगापूरहून सुटणार बारा पन्नासला. मुंबईत पोचणार तीन पन्नासला. मी एकतीस वर्षांच्या सवयीने वजाबाकी केली.

"तीन तास?" मी म्हणालो. "सिंगापूर तीन तासांवर आहे? धुळ्याहून नाशिकला चार लागतात. मला शिकवतेस?"

तिने फोन पिशवीत ठेवला आणि ती आत मायकडे गेली. आतून मायचा आवाज आला, तो मी पुन्हा कधी ऐकू नये.

तेरावं होईपर्यंत ती राहिली. कामाला हात लावत होती, सगळ्यांशी बोलत होती, माझ्याशी गरजेपुरतं. त्यानंतर तीन वर्षं ती आली नाही. मायला फोन करायची. माझ्याशी सणावारापुरती दोन वाक्यं. तिची सातासमुद्रापारची ऐट आहे असं मी बायकोला ऐकवत राहिलो. बायको ऐकून घ्यायची आणि ताट वाढायची.

या वर्षी फाल्गुनात मी असोद्याला गेलो तेव्हा माय मला ओट्यावर बसवून म्हणाली, "तीन आखाज्या झाल्या. तुह्या आबाची घागर लेकीबिगर भरली. तिले घ्यायले कोन गेलं रे?"

"फोन करतो ना दरवर्षी."

"फोन केल्यानं लेक येते का? मुरायी गेला का कोनी?"

"माय, सिंगापूर आहे ते."

"असू दे. मी जित्ती हाये तवर तिले माहेर हाये. तू जाय आन् घेऊन ये. नाही आली त तू बी येऊ नको."

ऐंशी वर्षांची बाई. गुडघे गेलेले, एका डोळ्याने दिसत नाही. पण तिचा आवाज असा होता की मी मुकाट्याने बरं म्हटलं. जावयाला कळवलं, बहिणीला नाही. जावई भला माणूस. त्याने लागतील ते कागद पाठवले आणि आपल्या बायकोला पत्ता लागू दिला नाही.

देवपुरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिकिटं काढून देणारं एक दुकान आहे. तिथल्या मुलीने संगणकावर बोटं चालवली आणि छापलेला कागद माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा लावून पाहिलं. जाताना मुंबईहून सकाळी आठ पाच, सिंगापूरला दुपारी चार. म्हणजे आठ तासांत पाच मिनिटं कमी. माझ्या दोन दिवसांच्या नोंदीला तिथेच पहिला धक्का बसला. आठ तास म्हणजे तर आमची मुंबईची गाडी. मग मी खाली परतीचं पाहिलं. सिंगापूरहून सकाळी साडेसात, मुंबईला साडेदहा.

"बाई, तुमचा कागद चुकलाय," मी म्हणालो. "जाताना आठ तास आणि येताना तीन? येताना उतार आहे का?"

ती हसली. "नाही काका, बरोबर आहे. दोन्हीकडून साडेपाचच तास लागतात. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. तिकिटावर ज्या गावची वेळ त्या गावची छापतात."

तिने पेन घेऊन कागदाच्या कडेला मांडून दाखवलं. जाताना आठ, त्यातून अडीच गेले. येताना तीन, त्यात अडीच मिळवले. दोन्हीकडे साडेपाच.

"अंतर किती?" मी विचारलं. 

"चार हजार किलोमीटरला थोडं कमी, काका."

मी दुकानातल्या लाल खुर्चीत तसाच बसून राहिलो. तीन तास. बारा पन्नास ते तीन पन्नास. तिच्या फोनवरचं ते तिकीट माझ्या डोळ्यांपुढे आलं, ते धरलेला तिचा हात आला. तिकडे घड्याळ पुढे असतं हे मला काय माहीत नव्हतं? माय फोनवर नेहमी विचारायची, तुमचं जेवण झालं असेल ना, आमचं व्हायचंय. घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि त्या दिवशी अंगणात मी फक्त वजाबाकी केली आणि माझ्या बहिणीला सगळ्या भाऊबंदांसमोर खोटी ठरवलं. बाप गेला त्या दिवशी. दुकानातली मुलगी पाणी देऊ का म्हणून विचारत होती. मी कागद घेऊन बाहेर पडलो आणि घराची गल्ली सोडून पुढे पांझरेच्या पुलापर्यंत चालत गेलो. रस्त्यात कोण भेटलं, कोण बोललं, काही आठवत नाही. तोंडात मारल्यासारखं झालं होतं, आणि मारणारा कुणी दुसरा नव्हता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तेव्हाच म्हटलं होतं मी, पोर खोटं कशाला बोलेल." म्हटलं होतं का? असेल. मी ऐकलं नसेल.

धुळ्याहून मुंबईला जायला मला आठ तास लागले. विमानाने जमीन सोडली तेव्हा मी घड्याळ पाहिलं, टेकलं तेव्हा पाहिलं. पाच तास पंचवीस मिनिटं. ते घड्याळ मी मुद्दाम आपल्याच वेळेवर ठेवलं होतं. समोरच्या पडद्यावर एक छोटं विमान समुद्रावरून सरकत होतं आणि उरलेलं अंतर कमी कमी होत होतं. शेजारचे लोक झोपले होते, मी सगळा वेळ तो आकडा बघत बसलो. पाच तास म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. ती पाच तास या अशाच खुर्चीत बसून आली होती, आणि तिला खात्री होती की भाऊ थांबणार.

जावई विमानतळावर घ्यायला आला होता. एकोणिसाव्या मजल्यावर घर. बहिणीने दार उघडलं, आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे, माझ्या हातातल्या मायने बांधून दिलेल्या सांजोऱ्यांच्या डब्याकडे. मुराळी आलाय हे तिला डब्यावरूनच कळलं असणार.  आत गेली, पाण्याचा पेला आणि वाटीत गुळाचा खडा घेऊन आली. सासरी मुराळ्याला देतात तसं.

"बसा, भाऊ. प्रवास कसा झाला?"

मी मुंबईपासून मनात काय काय जुळवून आणलं होतं. सगळं विसरलो. म्हणालो, "पाच तास पंचवीस मिनिटं."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. जावई मुलाला घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.

"मी तिकीट दाखवलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही वजाबाकी केलीत."

"हो."

"मला वाटलं, आत्ता तुमच्या लक्षात येईल. उद्या येईल. तेराव्यापर्यंत वाट पाहिली. मग म्हटलं, आपण कशाला सांगायचं? ज्याला माझं खरंच वाटत नाही त्याला हिशेब कशाला समजावून सांगू?"

"मी चुकलो," मी म्हणालो. "तू थांबा म्हणाली होतीस हे मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. माझ्यामुळे तुला आबांचं तोंड दिसलं नाही." आणि मग मला रडू आलं. बासष्ट वर्षांच्या माणसाने रडू नये तसं आलं. तिने मला रडू दिलं. उठून पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी डोळे पुसल्यावर ती म्हणाली, "मी रागावून बसले नव्हते, भाऊ. म्हणजे राग होताच. पण दर आखाजीला मी वाट पाहायचे. मला वाटायचं, तुम्ही याल."

"माय म्हणाली, तू आली नाहीस तर मीही घरी यायचं नाही."

यावर ती हसली. तीन वर्षांनी. गूळ खाल्ला नाही म्हणून तिने मला दटावलं.

चौथ्या दिवशी पहाटे तिने बॅग दाराशी आणून ठेवली आणि बाजूला उभी राहिली. मी ती उचलली. मुलाची शाळा होती म्हणून बापलेक तिथेच राहिले. साडेसातला विमान सुटलं आणि मुंबईतल्या घड्याळात साडेदहाला उतरलो. बाहेर येताना बहीण म्हणाली, "बघा, तीन तास झाले." थट्टा होती की काय होतं कोण जाणे. मी मान खाली घातली.

मुंबईहून गाडी केली. नाशिक, चांदवड, मालेगाव. ती बहुतेक खिडकीबाहेर बघत होती, मधेच मायचे गुडघे, केळीचा भाव, झोका कुठल्या निंबाला बांधणार, असं विचारत होती. मला हलकं वाटायला लागलं होतं. माणूस मोठा लबाड असतो, रडून झालं की त्याला वाटतं सगळं फिटलं. साडेपाचला धुळ्यात शिरलो तेव्हा ती ड्रायव्हरला म्हणाली, "स्टँडच्या समोर थांबवा. चहा घेऊ."

स्टँडच्या समोरच्या टपरीवाल्याने मला लगेच ओळखलं. "नाना, कथाइन उनात? बठ्ठं बरं शे ना?" कुठून आलात, सगळं बरं ना, असं विचारत होता. मी म्हटलं, बहिणीला आणायला गेलो होतो. त्याने कपात जरा जास्त चहा ओतला. आम्ही गाडीला टेकून चहा पीत होतो. फाटकातून एक गाडी जळगावकडे निघत होती आणि आत कुणीतरी माझ्याच खिडकीतून ती पुकारत होतं.

"त्या दिवशीही आम्ही इथेच थांबलो होतो," बहीण म्हणाली.

"इथे?"

"ड्रायव्हर मुंबईपासून न थांबता चालवत होता, त्याला चहा हवा होता. मी उतरले नाही. इथून तुमची खिडकी दिसते. मी तुम्हाला फोन लावत होते. सात वेळा लावला. सांगायचं होतं की मी धुळ्यात पोचले, आता इथून किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीतच आहे."

 मी विचारलं, "किती वाजले होते?" उत्तर मला नको होतं, तरी विचारलं.

"नऊ. नऊला लावायला सुरुवात केली. इथून निघालो तेव्हा नऊ दहा झाले होते. स्टँडच्या घड्याळात पाहिलं."

मी कप टपरीवर ठेवला. सिंगापूरचं अंतर मला माहीत नव्हतं, त्याची वेळ मला माहीत नव्हती, तिथलं घड्याळ मी मोजलं नाही. या सगळ्याला मी मनात एक ढाल केली होती, की बाबा, आपल्याला विमानातलं काय कळतं, आपण बसवाले. एकोणिसाव्या मजल्यावर रडताना सुद्धा ती ढाल माझ्या हातात होती. पण हे धुळे होतं. हा माझा स्टँड होता. मी हातात पेटता टेंभा घेऊन आबांच्या भोवती फिरत होतो तेव्हा ती माझ्या खिडकीसमोर बसली होती, आणि इथून पुढचा रस्ता मला एकतीस वर्षं पाठ होता. तिने जे सांगायला फोन केला होता ते ऐकून मी एका श्वासात उत्तर दिलं असतं. पण सांगितलंच होतं की तिने आदल्या संध्याकाळी. थांबा म्हणाली होती. मी गाडी सोडली.

"चला," ती म्हणाली. "माय वाट बघत असेल."

निघताना मी स्टँडच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला पाच कमी होते. मग पारोळा, एरंडोल, पाळधी, एकेक गाव येत होतं आणि मी एकेकाची वेळ मनात टाकत होतो. नको म्हटलं तरी टाकत होतो. रस्ता आता चौपदरी झालाय, गाडी कुठे अडत नाही. जळगाव सोडून असोद्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा अंधार पडला होता आणि बहीण माझ्या खांद्याला टेकून झोपली होती.

माय ओट्यावरच बसली होती, खांबाला पाठ लावून. बहिणीने उतरून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मायने तिच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, गाल, हनुवटी, चाचपून खात्री केल्यासारखा. मग माझ्याकडे वळून विचारलं, "लय येळ लागला का रे?"

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजले होते.

"धुळ्याहून दोन तास पाच मिनिटं, माय."

"मंग जवयच हाये की रे," माय म्हणाली.

मी बॅग उचलून आत नेली.